बाडेन-बाडेनच्या रानात पळायच्या वाटा : अनुभव, माहिती, प्रश्न

रानजाई

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत कार्ल्सरूहेला राहते, सहा वर्षं झाली. मूळची पुण्याची, पळायचं वेड वेताळ टेकडीवर लागलं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं सपाट रस्त्यावरच पळत होते, अंतर वाढत होतं पण मन काही लागत नव्हतं. मग एका रविवारी ट्रेन पकडून बाडेन-बाडेनला गेले आणि तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी पाय तिकडे वळतातच. इथे बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून वाटा विचारल्या म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते, चुकलं तर सांगा, भर घाला.

गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाणी ६८ अंशांपर्यंत गरम येतं, रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली होती, त्यांचे अवशेष आजही बघता येतात. २०२१ मध्ये युरोपातल्या सात देशांतली अकरा स्नाननगरं मिळून युनेस्कोच्या यादीत गेली त्यातलं हे एक. लोक येतात, पाण्यात बसतात, बागेत फिरतात आणि परत जातात. पण गावाच्या पाठीला अगदी चिकटून ब्लॅक फॉरेस्ट सुरू होतं, म्हणजे बाजारपेठेतून पळायला लागलात की दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही बीच नावाच्या झाडांखाली असता, आणि ते बघायला फार कमी पाहुणे वर येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी आवडती फेरी अशी : गावातल्या स्नानगृहांच्या मागून वर चढायचं, आल्टेस श्लॉस म्हणजे जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींपर्यंत, तिथून बाटेर्ट नावाच्या कड्यांच्या खालून किंवा वरून एबरश्टाइनबुर्ग गावात, मग वोल्फ्सश्लुख्ट या घळीतून आणि टॉयफेल्सकान्झेल म्हणजे सैतानाच्या व्यासपीठाच्या खडकावरून मेर्कूर डोंगराच्या माथ्यावर (६६८ मीटर) आणि खाली गावात परत. माझ्या घड्याळात पंधरा किलोमीटरच्या आसपास भरतं आणि चढ सगळा मिळून साडेसातशे मीटरच्या आसपास. पहिल्यांदा जाणाऱ्याने चढ सरळ चालत चढावा, त्यात काही कमीपणा नाही, मी अजूनही किल्ल्याच्या खालचा शेवटचा तुकडा चालतेच.

किल्ल्यात एक गोष्ट मुद्दाम थांबून ऐका. आतल्या छप्पर उडालेल्या दालनात एक मोठी वाऱ्याची वीणा बसवलेली आहे, चार मीटरपेक्षा उंच, १२० तारा. कुणी वाजवायचं नाही, खिडकीच्या कमानीतून वारा आला की ती आपोआप बोलते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा धापा टाकत होते आणि मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी घुमतंय, श्वास खाली बसल्यावर कळलं की आवाज भिंतीतून येतोय. तानपुरा लावताना जोडाच्या तारा एकमेकींत मिसळायला लागतात ना, अगदी तसा. वारा पडला की विरतो, पुन्हा भरून येतो. आता दर वेळी तिथे पाच मिनिटं भिंतीला पाठ टेकून उभी राहते, घड्याळ थांबवून.

वाटांच्या खुणा : झाडांवर रंगवलेल्या किंवा ठोकलेल्या छोट्या पाट्या असतात, आकार आपल्या शंकरपाळीचा. पिवळी शंकरपाळी म्हणजे गावाजवळच्या वाटा, निळी म्हणजे जरा लांबच्या, आणि पांढऱ्यावर लाल शंकरपाळी म्हणजे वेस्टवेग, जो १९०० साली आखलेला फोर्ट्सहाइम ते बाझेल असा सुमारे २८५ किलोमीटरचा मार्ग आहे, तो आपल्या या फेरीत येत नाही पण वर डोंगरात गेलात तर भेटेल. याशिवाय गावाला वळसा घालणारा ४० किलोमीटरचा पानोरामावेग आहे, त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत आणि तो तुकड्यातुकड्यात करता येतो.

कसं जायचं : कार्ल्सरूहेहून लोकल ट्रेनने वीसेक मिनिटं. स्टेशन गावात नाही, ओस नावाच्या भागात आहे, तिथून २०१ नंबरची बस गावात सोडते. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल ट्रेन-बसचा मासिक पास) असेल तर वेगळा खर्च काही नाही.

खाली माझ्या मागच्या रविवारच्या फेरीचा ट्रॅक, म्हणजे घड्याळाने नोंदवलेला मार्ग, जोडलाय.

शेवंती_स्टुटगार्ट

रानजाई किती छान लिहिलंयस गं, वाचनखूण साठवली. आम्ही चार वेळा बाडेन-बाडेनला गेलोय, चारही वेळा पाण्यात डुंबून आणि केक खाऊन परत, वर असं काही आहे हे माहीतच नव्हतं. वीणेचं वाचून तर आत्ताच जावंसं वाटतंय.

मला एक विचारायचं होतं, मी पळायला सुरुवात करून तीनच महिने झालेत, पाच किलोमीटर सपाटीवर जमतं. माझ्यासाठी सोपं काही आहे का? आणि पळून झाल्यावर त्या गरम पाण्यात लगेच गेलं तर चालतं का?

रानजाई

शेवंती, तुझ्यासाठी अगदी योग्य वाट आहे. लिख्टेनटालर आले नावाची, ओस नदीच्या काठाने जाणारी २.३ किलोमीटरची झाडांची रांग, पूर्ण सपाट, जुने प्रचंड वृक्ष. ती संपते तिथे लिख्टेनटालचा मठ आहे, १२४५ साली स्थापन झालेला, अजूनही तिथे ख्रिस्ती जोगिणी राहतात, अंगणात जाऊन शांत बसता येतं. जाऊन येऊन तुझे पाच होतात. पाय मोकळे वाटले तर मठापासून पुढे गेरोल्डसाऊच्या धबधब्यापर्यंत जा, ओढ्याच्या काठाने वाट आहे, चढ अगदी मंद. मेच्या शेवटी-जूनमध्ये गेलीस तर धबधब्याच्या वाटेवर ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात.

गरम पाण्याचं, हो जाता येतं पण अर्धा तास तरी थांब, आधी साधं पाणी आणि काहीतरी खारट पोटात जाऊ दे. मी एकदा तडक गेले होते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि दोन ठिकाणांतला फरक माहीत असू दे : काराकाला थेर्मेच्या तळ्यांमध्ये पोहण्याचे कपडे घालून जातात, आणि १८७७ साली सुरू झालेलं फ्रीडरिशबाड हे रोमन-आयरिश पद्धतीचं आहे, सतरा टप्प्यांतून जायचं असतं आणि तिथे कपडे न घालता जातात. आपल्याला ते अवघड वाटू शकतं, म्हणून तिकीट काढायच्या आधीच ठरवून जा.

टेकडीकर

पुण्यातून वाचतोय. वेताळ टेकडीवर रोज पहाटे असतो, तुम्ही टेकडीचं नाव काढलंत म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं वाळून जातं, मुरुमावरून पाय सटकतो, खाली बघून पळायची सवय झालीय. तिकडच्या वाटा पायाखाली कशा असतात? चिखल? दगड? बूट कसले लागतात?

रानजाई

टेकडीकर दादा, टेकडीची फार आठवण येते हो, पळस फुलले की फोटो टाका इथे.

पायाखाली म्हणाल तर तीन प्रकार. रुंद जंगलरस्ते, लाकडाचे ट्रक जायचे, त्यावर खडी दाबलेली असते, तिथे साधे बूट चालतात. मग अरुंद पायवाटा, माती आणि मुळं, बीचची मुळं अशी जमिनीवर येऊन पसरलेली असतात, पाऊस पडला की साबण लावल्यासारखी. आणि बाटेर्टच्या कड्याखाली दगडी पायऱ्या आणि सुटे दगड, शेवाळाचे. मुरुमावर सराव असलेल्याला चढ जड जाणार नाही, पण शरद ऋतूत पाचोळा घोट्यापर्यंत साचतो आणि खाली मूळ आहे की खड्डा काही दिसत नाही, तिथे टेकडीवरचा अंदाज कामाला येत नाही. खोल नक्षीचे तळवे असलेले बूट घ्या, आणि उतारावर पावलं लहान.

आणखी एक, बाटेर्टच्या भागाला बानवाल्ड म्हणतात, म्हणजे तिथे झाडतोड करत नाहीत, जंगल त्याचं त्याच्यावर सोडलंय. पडलेलं झाड पडलेलंच राहतं, वाळलेल्या फांद्या वर लटकत असतात. म्हणून जोराचा वारा असेल त्या दिवशी मी तिकडे जात नाही, लिख्टेनटालला जाते.

कातळवेडा

मी बाटेर्टवर गेली नऊ वर्षं चढाई करतोय म्हणून लिहितो, आणि जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. रानजाईताई, तुमचा ट्रॅक उघडून बघितला. वरच्या वाटेवरून एका ठिकाणी तो उजवीकडे फुटून थेट कड्याच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. ती वाट नाहीये. फोटो काढणाऱ्यांनी पाडलेली चोरवाट आहे, आणि आत्ता मार्च आहे.

मार्चमध्ये बहिरी ससाण्याची मादी कड्याच्या कपारीत अंडी घालते, तीन-चार असतात, घरटं वगैरे बांधत नाही, नुसत्या खळग्यात. महिनाभर उबवायची असतात. वरून कुणी काठावर आलं की ती उडते, ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात, मार्चमधली थंडी तुम्हाला माहीत आहे. आपण दोन मिनिटं उभं राहून निघून जातो, मग पाच मिनिटांनी दुसरा येतो. म्हणून विणीच्या काळात तिथले काही कडे आम्हा चढाईवाल्यांना बंद असतात, पाट्या लावलेल्या असतात. आम्ही दोर घरी ठेवतो आणि पळणारे लोक वरून काठावर येतात असं झालं तर काय उपयोग.

तुम्ही मुद्दाम केलं नसणार हे लिहिण्यावरून कळतंय. पण ट्रॅक इथे राहिला तर तो डाउनलोड करून पन्नास जण तसेच जातील. कृपया काढा.

रानजाई

कातळवेडा, राग कसला, उलट तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. ट्रॅक काढलाय, आत्ताच. माझ्या पुढे एक जोडपं त्या वाटेने गेलं म्हणून मीही गेले, पाटी बघितली नाही हे खरं. आणि आता आठवतंय की वर असताना "कॅक कॅक कॅक" असा एकसारखा आवाज येत होता, मला वाटलं कावळे भांडतायत. ती मादीच असणार. काल रात्री ते डोक्यातून जात नव्हतं.

नवा ट्रॅक बाटेर्टच्या खालच्या वाटेचा करून पुढच्या आठवड्यात टाकेन, आधी तुम्हाला दाखवीन.

कातळवेडा

धन्यवाद ताई, इतक्या लगेच कुणी ऐकत नाही. हो, तो तिचा इशाऱ्याचा आवाज.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो कारण यामागे मोठी कथा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतात वापरायला लागले, ते किड्यांतून पाखरांत आणि पाखरांतून ससाण्यात गेलं, अंड्यांची कवचं पातळ झाली, मादी उबवायला बसली की फुटायची. १९६० नंतर जर्मनीत बहिरी ससाणा जवळजवळ संपला, जी थोडी जोडपी तग धरून राहिली त्यातली बरीच इकडच्या दक्षिण भागात होती. १९६५ साली आपल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ससाणे वाचवायला माणसं एकत्र आली आणि घरट्यांवर पहारे सुरू केले, रात्रंदिवस, कारण अंडी चोरणारेही होते. पुढे डीडीटीवर बंदी आली आणि पक्षी हळूहळू परत आले. आज आपण बाटेर्टच्या खाली उभं राहून तो सूर मारताना बघू शकतो, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग जातो त्याचा, तो त्या पहाऱ्यांमुळे.

आणि हा पक्षी आपल्याला परका नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर जो शाहीन ससाणा राहतो तो याचाच भाऊबंद, एकाच जातीची उपजात. मी लहानपणी हरिश्चंद्रगडावर पाहिला होता, कोकणकड्याच्या खाली. तेव्हा नाव माहीत नव्हतं.

मुक्तछंद७७

माहिती चांगली आहे पण एक मुद्दा. जर्मनीत जंगलात फिरायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, खाजगी जंगल असलं तरी. मी तेरा वर्षं इथे आहे, कुठेही पळतो, वाट सोडूनही पळतो, कधी कुणी हटकलं नाही. सगळीकडे हे करू नका ते करू नका सुरू झालं तर माणसं जंगलात यायचीच बंद होतील.

कातळवेडा

हक्क आहेच, बाडेन-व्युर्टेंबर्गच्या वनकायद्यात तसं लिहिलंय आणि मला त्याचा अभिमान आहे, इतक्या मोकळेपणाने रान सगळ्यांना खुलं असणं ही मोठी गोष्ट. पण नाटुअरशुट्सगेबीट म्हणजे निसर्ग राखीव क्षेत्र असेल तर त्याचे वेगळे नियम त्या हक्काच्या वर लागू होतात, आणि तिथे वाट सोडायची नाही हा नेहमीचा नियम आहे. हिरव्या कडेची त्रिकोणी पाटी दिसली की समजायचं. गावाभोवतीच्या रानात राखीव तुकडा तसा छोटाच आहे, बाकी डोंगर पळायला मोकळा आहे. तेवढा तुकडा, तोही वर्षातले काही महिने, ससाण्याला द्यायला आपल्याला जड जाऊ नये.

आणि हटकलं नाही म्हणून चालतं असं कसं म्हणता येईल?

मुक्तछंद७७

मान्य. त्रिकोणी पाटीचं नीट माहीत नव्हतं, मी ती नुसती जंगलाची खूण समजत होतो. पुढच्या वेळी बघतो.

अनघा_हायडलबर्ग

इतक्या चांगल्या धाग्यावर माझा वाईट अनुभव लिहू की नको असं वाटत होतं पण कुणाच्या तरी कामी येईल.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी एकटी हीच फेरी उलट्या बाजूने करत होते, आधी मेर्कूर आणि मग एबरश्टाइनबुर्गवरून किल्ला. निघायला उशीर झाला, दुपारचा दीड. मेर्कूरवर लख्ख ऊन होतं आणि खाली ऱ्हाइनचं खोरं सगळं धुक्याने भरलेलं, दुधाने भरलेल्या परातीसारखं, पलीकडे फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगरांची रांग. फोटो काढत बसले. खाली उतरले तशी त्या धुक्यातच शिरले. साडेचारला इतकं अंधारून आलं की पुढचं झाड दिसेना, पाचोळ्याने वाट आणि रान एक झालेलं, आणि बाटेर्टच्या खाली कुठेतरी माझा डावा पाय दोन मुळांच्या मध्ये गेला आणि मी पुढे पडले. घोट्याचा कट् असा आवाज मला ऐकू आला. उभं राहता येईना. फोन थंडीने अकरा टक्क्यांवर.

मी रडले, खरं सांगते. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग आठवलं की थोडं मागे मी एक हिरवी पाटी बघितली होती, पांढरा क्रॉस आणि खाली नंबर. बसल्या बसल्या सरकत मागे गेले, वीसेक मीटर असेल पण पंधरा मिनिटं लागली. ११२ ला फोन केला, माझं जर्मन तेव्हा बेताचं, वाटेचं नाव सांगता येईना, पलीकडच्या बाईंनी एवढंच विचारलं की पाटी दिसते का, नंबर वाचा. वाचला. त्या म्हणाल्या फोन बंद करू नका पण बोलू नका, बॅटरी राहू दे, तिथेच थांबा. चाळीस मिनिटांत दोन माणसं टॉर्च घेऊन आली, एकाने आपलं जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं. घोट्याचं हाड मोडलेलं निघालं, सहा आठवडे प्लास्टर.

त्या पाटीला रेटुंग्सपुंक्ट म्हणतात. तुम्ही पळताना दर वेळी शेवटची पाटी कुठली गेली ते लक्षात ठेवा, नंबर नाही लक्षात राहिला तरी जागा. मी आता फोटो काढून ठेवते.

शेवंती_स्टुटगार्ट

बापरे अनघा, वाचताना अंगावर काटा आला. आता बरी आहेस ना? परत पळतेस का?

अनघा_हायडलबर्ग

हो अगदी बरी. मागच्या सप्टेंबरात त्याच जागी परत गेले, मुद्दाम सकाळी. ती दोन मुळं सापडली. आता हेडलॅम्प पिशवीत उन्हाळ्यातही असतो, पातळ चांदीचा ब्लँकेट मिळतो तो, आणि घरी एका माणसाला फेरीचा नकाशा आणि परत यायची वेळ पाठवल्याशिवाय निघत नाही.

टेकडीकर

अनघाताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आमच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवलं, आमच्याकडे टेकडीवर अशा पाट्या असत्या तर किती बरं झालं असतं, दर पावसाळ्यात कुणीतरी पाय मुरगळून बसतं आणि फोनवर "त्या मोठ्या दगडापाशी" एवढंच सांगता येतं.

डॉ_निशिगंधा

या धाग्यावर गोचिडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाडेन-बाडेनचा सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या (इथे एफएसएमई म्हणतात) जोखमीच्या प्रदेशात येतो. त्यावर लस आहे, तीन डोस, पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर, तिसरा त्यानंतर काही महिन्यांनी, आणि पुढे ठरावीक वर्षांनी बूस्टर. जोखमीच्या भागात राहत असाल तर सरकारी आरोग्य विमा खर्च देतो. पहिला डोस हिवाळ्यात घेतला की वसंतापर्यंत संरक्षण तयार होतं, पण आत्ता राहिला असेल तरी घ्याच.

दुसरा आजार बोरेलिओसिस, त्यावर लस नाही. पण त्याचे जंतू शरीरात जायला सहसा गोचीड बरेच तास चिकटून राहावी लागते, म्हणून घरी आल्या आल्या आंघोळ आणि तपासणी : गुडघ्याची मागची बाजू, जांघा, काखा, बेंबी, कानामागे, केसांची कड. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची. तेल, तूप, नेलपॉलिश काही लावू नका, आपल्याकडे जनावरांना लावतात तसं तर मुळीच नाही. जागेला पेनाने खूण करून तारीख लिहून ठेवा. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी भोवती लाल वर्तुळ पसरायला लागलं तर डॉक्टरकडे जा, सुरुवातीला औषधाने बरं होतं.

उंच गवतात बसू नका. मोजे लांब घाला. भीती घालायची नाहीये, मी स्वतः दर आठवड्याला रानात असते.

रानजाई

डॉक्टर ताई मनापासून आभार, हे मी वरच लिहायला हवं होतं. माझे तिन्ही डोस झालेत.

आणखी दोन-तीन नियम राहिले होते ते इथेच लिहिते. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर बाडेन-व्युर्टेंबर्गच्या जंगलात सिगारेट ओढायला बंदी आहे, वणव्यामुळे. सायकलींना दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर परवानगी नसते, त्यामुळे पायवाटांवर आपण जरा निश्चिंत, तरी वळणावर हाक द्या. शरद ऋतूत-हिवाळ्यात शिकारीचे आणि लाकूडतोडीचे दिवस असतात, वाटेवर आडवी पट्टी किंवा बोर्ड दिसला तर ओलांडून जाऊ नका, वळसा घ्या, कितीही लांब पडला तरी.

पाऊलखुणा

वरती नॅशनल पार्क आहे ना, तिथे पळता येतं का? उन्हाळ्यात फ्रायबुर्गहून येणार आहे.

कातळवेडा

हो, श्वार्ट्सवाल्ड (म्हणजेच ब्लॅक फॉरेस्ट) नॅशनल पार्क, १ जानेवारी २०१४ पासून, या राज्यातलं पहिलं, सुरू झालं तेव्हा सुमारे दहा हजार हेक्टर. तिथेही खुणा केलेल्या वाटांवरच. बाडेन-बाडेनहून वर जाणारा बी ५०० रस्ता आहे, श्वार्ट्सवाल्डहोखश्ट्रासे, त्यावर बस जाते. मला स्वतःला बाडेनर ह्योहे आवडतं, १००२ मीटर, वर दगडी मनोरा आहे. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार नावाच्या वादळाने वरचं जंगल काही तासांत आडवं केलं होतं, आता तिथे नवीन रान आपसूक उभं राहिलंय, ते बघत पळणं वेगळाच अनुभव आहे. जुलैमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना ब्ल्यूबेरी, जीभ निळी होईपर्यंत सगळे खातात, पण पार्कच्या आत तोडण्याआधी तिथले नियम बघा.

शेवंती_स्टुटगार्ट

मला परत एक विचारायचंय. आई येतेय पुढच्या महिन्यात पुण्याहून, अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात. तिला हॉटेलात बसवून मी रानात जाणं मनाला पटत नाही. ती वर येऊ शकेल असं काही?

रानजाई

आहे ना! मेर्कूरवर केबलने ओढली जाणारी डोंगरगाडी जाते, १९१३ साली सुरू झालेली, मध्ये काही वर्षं बंद होती, १९७९ पासून परत चालू. काही ठिकाणी चढ ५४ टक्के आहे, खिडकीतून बघताना झाडं तिरकी वाटतात. खालच्या स्टेशनपर्यंत बस जाते. काकूंना गाडीत बसव आणि तू पायवाटेने वर ये, माथ्यावर भेटा. वर बाकं आहेत, खायला मिळतं, हवा चांगली असेल तर पॅराग्लायडिंगवाले उडताना दिसतात. माथ्याभोवतीची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, काकू हळूहळू चालू शकतील. शाल घे, वारा असतो.

कातळवेडा

सगळ्यांसाठी : रानजाईताईंनी नवा ट्रॅक मला दाखवला, खालच्या वाटेचा आहे, ठीक आहे. वरच्या पोस्टमध्ये जोडलाय.

शेवंती_स्टुटगार्ट

काल जाऊन आलो!! आधी घाबरले होते पण खालच्या स्टेशनपासून माथ्यापर्यंत न थांबता गेले, म्हणजे पळत कमी आणि चालत जास्त, पण थांबले नाही. पाऊण तास लागला. शेवटच्या वळणावर पोटऱ्या पेटल्या होत्या, वर बघितलं तर आई मनोऱ्याजवळच्या बाकावर बसून माझ्याकडे हात हलवत होती, मांडीवर डबा उघडलेला, दशमी आणि लसणाची चटणी, म्हणाली आधी पाणी पी मग खा. शेजारी एक जर्मन आजी बसल्या होत्या, त्यांना आईने अर्धी दशमी दिली होती आणि दोघी काहीतरी खुणेने बोलत होत्या.

नंतर माथ्याभोवती आम्ही दोघी चाललो. मी आईला झाडांवरच्या शंकरपाळ्यांचं सांगितलं होतं, तर ती दर वळणावर माझ्या आधी शोधायची, "ही बघ पिवळी, इकडून जायचं." चार वाजता म्हणाली उतरताना गाडी नको, थोडं चालत जाऊ. मीच नको म्हटलं, गुडघ्यांसाठी. रविवारी परत जायचं म्हणतेय, तिला ती वीणा ऐकायचीय. किल्ल्यापर्यंत गाडीरस्ता आहे का, कुणी सांगेल का?

रानजाई

आहे, थेट किल्ल्याच्या दारापर्यंत. टॅक्सी गावातून मिळेल. वारा असलेला दिवस निवडा.